श्वास रोखायचा नाही, ओळखायचा



वर्षावास लागला की आपल्या विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. सिद्धार्थाचा जन्म, रोहिणीच्या पाण्याचा वाद, गृहत्याग, बिंबिसार राजाची भेट हा भाग लोक तल्लीन होऊन ऐकतात. मग पहिल्या खंडाचा तिसरा भाग येतो. त्यात ध्यानमार्गाची पाने लागली की वाचणारा भराभर पुढे सरकतो, मागे बसलेल्या बाया लेकरांना थोपटू लागतात आणि सुजातेची खीर कधी येते असे सगळ्यांना होऊन जाते. आमचे म्हणणे असे की या पानांवर जरा थांबावे. गेल्या काही महिन्यांत अहेरी, आलापल्ली, नागेपल्ली भागातल्या आयाबायांनी आम्हाला जे विचारले, त्याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. त्यांचा प्रश्न साधा आहे : लेकराचे अभ्यासात चित्त लागत नाही, शाळेत योग शिकवतात, टीव्हीवर प्राणायाम दाखवतात, हे आपण करावे की करू नये?

बाबासाहेबांनी त्या ठिकाणी सांगितले आहे की गौतमाच्या काळी ध्यानमार्गाचे तीन पंथ होते. श्वासावर ताबा मिळवून चित्त एकाग्र करायचे, ही गोष्ट तिघांतही समान होती. एका पंथाच्या पद्धतीला आनापानसती म्हणत. दुसऱ्याची पद्धत प्राणायामाची. श्वास आत घेणे तो पूरक, धरून ठेवणे तो कुंभक, सोडणे तो रेचक. तिसरा समाधीपंथ. गौतमाने आलार कालामाकडे आणि पुढे उद्दक रामपुत्ताकडे ध्यान शिकून घेतले. एवढ्यावर न थांबता ते मगधात श्वास कोंडून एकाग्रता साधणाऱ्या एका आचार्याकडेही गेले. तो प्रकार फार यातनांचा होता. कानांतून कर्कश आवाज निघत, डोक्यात धारदार शस्त्राचे टोक खुपसावे तशी वेदना होई. गौतमाने तीही विद्या साध्य केली, पण तिथे मुक्काम केला नाही.

सांगण्याचा मुद्दा हा की श्वासाची विद्या कोणाच्या बापजाद्यांची मिरास नाही. 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन 2015 पासून साजरा होतो म्हणून ती अलीकडची ठरत नाही, आणि एखादा भगवा बाबा ती शिकवतो म्हणून परकीही ठरत नाही. आपल्या शास्त्याने ती तपासली, जे कामाचे ते घेतले, जे जाच करणारे ते मागे टाकले. आपणही तसेच करावे. सूर्याला नमस्कार, मंत्र, ओंकार यांची आपल्याला गरज नाही. मात्र पाठीचा कणा ताठ ठेवायला आणि पोटभर श्वास घ्यायला कोणत्याही बौद्धाची हरकत नसावी.

आपल्यात दुसऱ्या टोकाचीही माणसे आहेत. इगतपुरीला एक दहा दिवसांचे शिबिर करून येतात आणि मग मोर्चा नको, सभा नको, गावातल्या अन्यायाची भानगड नको, सारे काही आपल्या मनातच आहे असे म्हणू लागतात. ही मंडळी आम्हाला पटत नाहीत. भगवंतांनी भिक्खू कशासाठी निर्माण केला, स्वतःपुरता पूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजाच्या सेवेसाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारून ठेवला आहे. डोळे मिटल्यावर चित्त शांत झाले आणि डोळे उघडल्यावर शेजारच्या विधवेचा सातबारा कोणी लाटला हे दिसेनासे झाले, तर त्या शांतीचे काय करायचे?

पण ध्यान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असेही कोणी समजू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका ज्यांच्याकडे शिकले, ते सयाजी ऊ बा खिन हे रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. हिशेबाच्या टेबलावर जन्म काढणाऱ्या आमच्यासारख्याला याचे विशेष वाटते. 1937 साली त्यांनी आनापानाचा पहिला प्रयोग केला. ज्यांच्याकडे ते पुढे शिकायला गेले ते सया तेजी भिक्षू नव्हते, रंगूनच्या नदीपलीकडच्या खेड्यातले शेतकरी होते. 1948 साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ऊ बा खिन त्या देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. त्यांनी कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवले, 1952 साली रंगूनला केंद्र काढले, आणि सरकारी हिशेबही चोख ठेवले. डिसेंबर 1954 मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले ते याच रंगून शहरात. शेतकऱ्याने कारकुनाला आणि कारकुनाने जगाला दिलेली ही विद्या आहे, एवढे लक्षात ठेवले तरी तिची भीती जाते.

शासकीय कर्मचाऱ्याला शिबिरासाठी रजेची सवलत मिळू शकते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला ती कोण देणार? मे महिन्यात दहा दिवस घरी बसली तर पावसाळ्याचे मीठ-मिरचीचे पैसे गेले. म्हणून शिबिराला जाता येत नाही त्यांनी निदान घरी काय करावे ते सांगतो.

सकाळी तोंड धुतल्यावर, चुलीला लागण्याआधी, सतरंजीवर किंवा गोणपाटावर बसावे. मांडी घालता येत नसेल तर भिंतीला टेकून पाय पसरावे, त्यात कमीपणा नाही. डोळे मिटावे, तोंड बंद. नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठाच्या वरच्या जागेवर लक्ष ठेवावे. श्वास आत जाताना थोडा गार लागतो, बाहेर येताना थोडा उबदार. लांब असेल तर लांब आहे हे कळावे, आखूड असेल तर आखूड आहे हे कळावे. तो आपण लांब करायचा नाही, जोरात ओढायचा नाही, कोंडायचा तर मुळीच नाही. मन पळेल. कोणाचे पळत नाही? राशनच्या रांगेत जाईल, सासूच्या बोलण्यावर जाईल, बचत गटाच्या हप्त्यावर जाईल. पळाले हे ध्यानात आले की न रागावता परत आणावे. दहा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले तरी पन्नासही वेळा काम झाले असे समजावे. लहान लेकरांना नुसता श्वास पाहायला जमत नाही, त्यांनी मनात मोजावा. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष आचार्यांनी ‘विशुद्धिमग्ग’ ग्रंथात सांगितले आहे की मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत मोजणी नाही. आमचे मत विचाराल तर आठ वर्षांच्या पोराला मोजू द्यावे, मोठेपणी त्याचे तो सोडून देईल.

रागाच्या किंवा घाबरण्याच्या वेळी मात्र एक गोष्ट मुद्दाम करायला हरकत नाही. श्वास सोडताना घेतला त्यापेक्षा सावकाश सोडावा. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड कमी होते. यात चमत्कार काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे. पेपर हातात पडल्यावर पाच-सहा श्वास असे सोडले तर पाठ केलेले आठवायला जागा होते. पाठच केले नसेल तर श्वास काय करणार!

हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने 2012 च्या सुमारास ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान शाळांत नेले. चांगला उपक्रम आहे, पण त्याने आपोआप गुण वाढतील असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर शाळकरी मुलांवर अशाच प्रकारच्या सजगतेच्या शिकवणीची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 साली आले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात त्याने काही वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता, हेही त्यात आढळले. म्हणजे वर्गात शिकवून सोडून दिले तर फळ नाही. घरात कोणी सोबत बसले पाहिजे.

बाबासाहेबांच्या एकाग्रतेच्या गोष्टी आपण जयंतीला सांगतो, पण सुभेदार रामजींनी ती कशी घडवली हे सांगायचे राहून जाते. परळच्या चाळीत एकच खोली होती. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवत, कारण त्या वेळीच घर शांत असे. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला तो अशा व्यवस्थेतून. आधी झोप, मग शांत जागा, मग पुस्तक. आज आपल्या घरात टीव्ही रात्री अकरापर्यंत चालतो, बापाच्या हातात मोबाईल, आणि पोराला म्हणतात ध्यान कर. आणखी एक गोष्ट. बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वी गौतमांनी चाळीस दिवसांचे अन्न जवळ ठेवले होते असे बाबासाहेब लिहितात. ग्रंथातले हे वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटते. उपाशी पोटी, रक्त कमी असलेल्या पोरीला एकाग्रता शिकवू नये. आधी तिला वरण-भात, अंडे, भाजी द्यावी.

आता पाण्याकडे वळू. अलीकडे मोठ्या शहरांत तलावाच्या पाण्यात उभे राहून सौम्य आसने करण्याचा प्रकार निघाला आहे. आपल्याकडच्या बायांनी ते मोबाईलवर पाहिले आणि विचारले की आपल्याला प्राणहिता आहे, मग आपण का करू नये? प्रश्न ऐकून आम्हाला आनंद झाला, आणि वाईटही वाटले. आनंद अशासाठी की आपल्या बाईने पाण्यात स्वतःच्या आरोग्यासाठी उतरण्याचा विचार केला. वाईट अशासाठी की हा विचार आपल्या घरात यायला इतकी वर्षे लागली.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत पोहायला शिकायची जुनी रीत म्हणजे पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला विहिरीत सोडणे. ज्याची विहीर त्याचा भोपळा! आपल्या वाडवडिलांना विहिरीच्या काठाला हात लावायची बंदी होती, तिथे पोहणे कुठले? शाळेत शिपाई आला नाही तर दिवसभर तहानलेले राहावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. त्या हक्कात नुसते पिणे नाही, पाण्यात निर्भयपणे उतरणेही आहे, असे आम्ही मानतो. आपल्यात पोहणारे कमी आहेत याचे कारण आळस नाही, इतिहास आहे.

याच संदर्भात थेरीगाथेतल्या पुण्णिका थेरीची आठवण होते. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीतही तिला पाण्याला जावे लागे. नदीत कुडकुडत पाप धुणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने विचारले की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव, मासे आधी स्वर्गात जायला हवेत की नाही. त्याला उत्तर सुचले नाही. एप्रिल 2022 मध्ये प्राणहितेचा पुष्कर भरला, सिरोंच्याला लोटच्या लोट आले. आपली नदीभेट त्या प्रकारची नाही. आपण पुण्यासाठी उतरायचे नाही, गुडघ्यांसाठी आणि जिवासाठी उतरायचे.

जिवासाठी हा शब्द आम्ही विचार करून वापरला. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. ही नदी आपल्याला कामासाठी, सोयऱ्यांसाठी, बाजारासाठी ओलांडावी लागते. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत, पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव उलटली आणि बाया बुडाल्या. पोहता येत असते तर सगळ्या वाचल्या असत्या असे म्हणणे सोपे आणि क्रूर आहे. नावेत जीवरक्षक जॅकेट असणे, घाटावर पूल असणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती मागत राहिली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यात रोजगारासाठी पाणी ओलांडणारे, पाण्याकाठी राहणारे गरीबच जास्त. अशा वेळी पाण्यावर चार मिनिटे उताणे पडून राहता येणे ही चैन नव्हे.

कसे करावे ते सांगतो. काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा, नदी उतरलेली असते तेव्हाचा. जूनपासून वर्षावास संपेपर्यंत नदीत पाऊल नाही. त्या दिवसांत विहारात बसून आनापान करावे. जागा वाळूच्या सपाट तळाची, धार नसलेली, आणि जिथे वाळू उपसून खड्डे झालेले नाहीत अशी. ही जागा आपण निवडू नये, ढिवर बांधवांना विचारावी. नदी त्यांना तळहातासारखी ठाऊक असते. काठावर पोहणारा माणूस हवा, आणि पाच लिटरची रिकामी प्लास्टिकची कॅन घट्ट बूच लावून दोराला बांधून ठेवलेली हवी. कोणी घसरले तर उडी न टाकता आधी ती फेकावी. तेवढी कॅन माणसाचे डोके पाण्यावर ठेवू शकते. साडी नेसून उतरू नये, सलवार-कुर्ता बरा.

कमरेइतक्या पाण्यात शरीराचे वजन साधारण निम्मे वाटते, मानेइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. रोवणी करून ज्यांचे गुडघे आणि कंबर गेली, त्यांना जमिनीवर जे आसन जमत नाही ते इथे जमते. पहिले काही दिवस नुसते चालावे. मग पाय जुळवून हात वर, ते ताडासन. मग एक पाय उचलून दुसऱ्यावर तोल, ते वृक्षासन. पडलात तर पाणी झेलते, हाड मोडत नाही. मग खांदे बुडेपर्यंत खाली बसावे. पाणी छातीला चहूकडून दाबते, त्यामुळे श्वास घ्यायला जरा जोर लागतो आणि श्वासाचे स्नायू कामाला लागतात. नाकाने घ्यावा, तोंड पाण्याला लावून सावकाश बुडबुडे सोडावेत. लेकरांना हे फार आवडते. मोठ्यांनाही आवडते, पण ते कबूल करत नाहीत.

सरतेशेवटी उताणे तरंगणे. एकीने दुसरीच्या मानेखाली आणि पाठीखाली तळहात धरावेत. कान पाण्यात, पोट वर, नजर आभाळाकडे. घाबरून मान उचलली की कंबर खाली जाते. मान सोडून दिली, छाती भरून घेतली की शरीर वर येते. श्वास सोडला की दोन बोटे खाली जाते, पुन्हा घेतला की वर. गोणपाटावर बसून जो श्वास नाकपुडीत शोधावा लागत होता, तो इथे सगळ्या देहाला कळतो. मन बाजारात गेले तर नाकात पाणी जाते, म्हणून मन जात नाही! एकाग्रतेचा याहून रोखठोक मास्तर आम्हाला माहीत नाही. हळूहळू खालचे हात काढून घ्यावेत.

आता काय करू नये ते. आपली पोरे डोहात बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावतात. त्याआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. हे बंद करा. असे केल्याने श्वास घ्यायची शरीराची हाक उशिरा येते, आणि ती येण्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते. चांगला पोहणारा पोरगाही आवाज न करता जातो. मगधातल्या त्या आचार्याची विद्या पाण्यात तर बिलकूल नको.

दुसरे, सिकलसेल. हा आजार विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड-माडिया बांधवांत बराच आहे, हे लपवून काही मिळत नाही. ज्यांना तो आहे त्यांनी गार पाण्यात उतरू नये आणि कोणत्याही प्रकारे श्वास कोंडू नये. थंडी, तहान आणि प्राणवायूची कमतरता यांनी रक्तपेशी आकसून सांधे-छातीत असह्य कळा येतात. त्यांनी घरी बसून, पाणी भरपूर पिऊन, साधे आनापान करावे. त्यात धोका नाही. वाहक असलेल्यांनी डॉक्टरला विचारून उतरावे. ज्या घरात कोणाची तपासणीच झालेली नाही, त्यांनी नदीवर जाण्याआधी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन लेकराच्या रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. फिट येणारे, छातीचे दुखणे असणारे, कानातून पू येणारे यांनीही आधी तिथेच जावे.

घाटावर जायचे तर एकट्याने नको, पाच-सात जणींनी मिळून जा. पुरुषमंडळींनी त्या वेळी घरी भाकरी थापावी किंवा काठावर दोर धरून बसावे, दोन्हीपैकी जे जमेल ते.